दांडीत कोणी घाबरेना

भुताचे पिक्चर काढणाऱ्यांकडे भीती कमी आणि हसू जास्त साचतं. आम्ही चौघं आठवडाभर बोईसरच्या कंपन्यांत आणि रविवारी हॉररवाले. दांडी गावचा जयेश डायरेक्टर. माझ्याकडे रक्ताचं खातं!

पहिल्या पिक्चरला मी साखरेच्या पाकात लाल रंग कालवला. प्रेताला मुंग्या लागल्या. प्रेत आधी कुशीवर वळलं, मग उठून पळालं. सालवड गावात गच्चीवर शो लावला तर लोकांनी तेवढाच सीन पुन्हा पुन्हा लावायला लावला.

*

आमचा खुनी यादवभाई. अंगाने रेडा, मनाने गाय. प्रत्येक वाराआधी हळूच विचारायचा, "लगेगी तो नहीं ना?" ते पिक्चरच्या आवाजात तसंच राहिलं. पब्लिक म्हणालं, खुनी लय सज्जन हाय.

*

पालघरला पूर्वी व्हिडिओ सेंटर चालवणाऱ्या सुधीरकाकांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "आमच्या वेळी दार करकरलं की बाया तोंडावर पदर घ्यायच्या. मग दाराने भागेना, रक्त आणलं. रक्ताने भागेना, करवत आणली. आता तुमी काय बॉयलर फोडणार?"

जयेशने बॉयलरचं मनावरच घेतलं. त्याची समजूत घालता घालता माझा घाम निघाला.

*

मग घिवलीच्या शोसाठी मी बादलीभर रक्त केलं. पोरं भेळ खात बघत होती. जयेशचे वडील, बोटवाले आप्पा, पुढच्याच रांगेत. दुसऱ्या मुंडक्याला त्यांनी जांभई दिली आणि मला म्हणाले, "चौथा मेला का मला उठव."

शो संपल्यावर त्यांनी जयेशला बजावलं, "पुढच्या टायमाला एक तरी माणूस घाबरला पायजे. नायतर कॅमेरा वीक न् बोटीवर ये."

जयेशला बोटीवर पाय ठेवला की उलट्या होतात आणि कॅमेऱ्यात त्याचा जीव. परत येताना त्याने कॅमेरा छातीशी धरून ठेवला. मलाही फार वाईट वाटलं.

*

नेमका शूटिंगच्या दिवशी यादवभाई लग्नाला गावी गेला. खुनीच नाही! जयेशने वैतागून घरच्या अंगणात होतं ते कॅमेऱ्यात घेतलं. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतायत, मागून काळे ढग चढतायत आणि त्याची बहीण घरात फोनवर हसतेय. माझ्या रक्ताचा एक थेंब नाही.

दांडीच्या मैदानात दिवेलागणीला शो लावला. पडद्यावर ढग वाढले. पुढची रांग गप्प झाली. पोरगी हसतेच आहे. एका बोंबलावर टपकन थेंब पडला.

बाया किंचाळल्या, "अगो उचल, उचल!" मैदानावरचं आभाळ स्वच्छ होतं, तरी अर्धं मैदान आपापल्या वलांडीवरचे बोंबील वाचवायला घराकडे पळालं. सगळ्यात पुढे आप्पा, अनवाणी.

बऱ्याच वेळाने ते धापा टाकत परत आले. जयेशकडे डोळे वटारून बघितलं.

"असलं भयानक परत गावात लावायचं नाय. पोरंबाळं असतात बघायला."

जयेशने त्यांना कडकडून मिठीच मारली.