बाहेरचं रोप

भुईगावातल्या सेलिनला कुणी कधी कामचुकार म्हटलं नाही. हातात घेतलेलं काम पुरतं करायचं, हा तिचा स्वभाव, आणि अशा माणसांच्या हातून चूक झाली की तीही पुरती होते. लग्न होऊन आली तेव्हापासून ती वाडीत राबली. केळी, तोंडली, मोगरा. सकाळी फुलं खुडायची, केळीला पाणी सोडायचं, टोपली घेऊन वसईच्या बाजारात बसायचं, घासाघीस करणाऱ्या बायकांना त्यांच्याहून वरच्या पट्टीत उत्तर द्यायचं. सुखी आहेस का असं कुणी विचारलं असतं, तर तिने आधी विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहिलं असतं.

तिचा नवरा पीटर तसा मऊ माणूस, पण वाडीच्या बाबतीत पोलादासारखा. त्याचा एक नेम होता. बाहेरून आलेलं रोप फाटकाशी थांबायचं. केळीचा कंद असो की सोयऱ्यांकडून आलेली जाईची काडी, आधी कीड मारायच्या औषधाच्या पाण्यात बुडवायची, मगच तिला आत जागा. नेम उगाच पडला नव्हता. शेजारच्या बॅप्टिस्टने एकदा कुठूनसे कंद आणले, तसेच लावले, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या रोगाने दोघांच्याही वाड्यांतली केळ आडवी केली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पीटर तेव्हापासून पाहुण्याला एक वेळ आंघोळीशिवाय घरात घेईल, रोपाला घेणार नाही. बादलीत औषध कालवायचं काम सेलिनचं. डोळे मिटून कालवलं तरी थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही.

मग पीटरला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडातून निघायचे ते नुसते आवाज, सगळे सारखेच. डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि देवाने केलेल्या अन्यायात मला हा भाग सगळ्यात वाईट वाटतो. आपलं काय झालंय ते त्याला नीट कळत होतं. सेलिन पेजेचा चमचा पुढे करायची आणि तो दात घट्ट मिटून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, औषधं आपलं काम करतील, पण माणसाने खाल्लं तर पाहिजे. ती जबरदस्ती करायची, रडायची, चिडायची. अर्धीअधिक पेज उशीवर सांडायची.

त्यांचा मुलगा ज्युड कॅनडाला गेला तेव्हा ओटीवर एक काचेची टाकी ठेवून गेला होता. तीत मासे नव्हते. बोटाच्या पेराएवढ्या लालबुंद कोळंब्या होत्या, आणि चार हिरव्या वनस्पती. शेजारची कार्मिन म्हणायची, ही करंदी, सुकवायची नाही तर वांग्यात घालायची वस्तू, हिला दिवा लावून काय बसवतेस? सेलिनलाही ते मनातून पटायचं. तरी मुलाची वस्तू म्हणून ती दाणे टाकत राहिली.

वारा लागावा म्हणून पीटरची खाट ओटीवर आणली आणि टाकी त्याच्या डोळ्यांसमोर आली. सुरुवातीला त्याने लक्ष दिलं नाही. एका दुपारी त्याच्या आवाजाने सेलिन धावत आली, तर तो डाव्या हाताने टाकीकडे दाखवत होता. पानावर धुळीच्या कणांसारखं काहीतरी हलत होतं. पिल्लं होती ती. पीटरचं तोंड अर्ध्या बाजूने हसलं. त्या दिवशी त्याने वाटीभर पेज खाल्ली. तेव्हापासून घरात रीतच पडली. आधी कोळंब्यांना दाणे, त्या पानांवरून खाली उतरल्या, पायांनी चिमटीचिमटीने खायला लागल्या, की पीटर तोंड उघडणार. डॉक्टरांना जमलं नाही ते करंदीने केलं, असं कार्मिन साऱ्या गल्लीत सांगत सुटली, आणि सेलिन रोज रात्री प्रार्थनेत नवऱ्याच्या पाठोपाठ त्या किड्यामुंग्याएवढ्या जीवांचंही नाव घ्यायला लागली.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापलं, वनस्पती कुजल्या. पानं पिवळी पडून तळाशी बसली. पिल्लांना लपायला जागा राहिली नाही. पीटर सारखा तिकडे बोट करायचा. जन्मभर वाडी केलेल्या माणसाला कुजकं पान डोळ्यांत सलतं, मग ते मातीतलं असो की पाण्यातलं. सेलिनने ठरवलं, याला नवी हिरवळ आणून द्यायची.

तुळिंजला बाजारात एक माशांचं दुकान आहे असं ज्युडने कधीतरी सांगितलं होतं. भाचीकडे जायचं निमित्त करून ती तिथे गेली आणि लांब पानांची, गर्द हिरवी जुडी घेऊन आली. दुकानदाराने ओल्या कागदात गुंडाळून दिली आणि बजावलं की आंटी, लगेच टाकीत घालू नका, वेगळ्या बादलीत ठेवा, पानांना गोगलगायींची अंडी चिकटलेली असतात. सेलिनला बरं वाटलं. शहरातलं पोर असून नेम जाणतं, ती मनाशी म्हणाली.

घरी येऊन तिने बादली घेतली, पाणी भरलं, आणि वाडीच्या खोपीतली औषधाची बाटली उघडली.

तिने विचार केला नाही असं नाही. बाटलीवर किड्याचं चित्र होतं, आणि कोळंबी काही कीड नव्हे. कोळंबी मासळीत मोडते, मासळीबाजारात मिळते, जन्मभर ती तिने कालवणात खाल्ली. शिवाय औषध टाकीत थोडंच घालायचं होतं? रोप बुडवायचं, मग नळाखाली खळखळून धुवायचं. केळीचे कंद असेच लावले होते, आणि त्या केळी अख्ख्या गावाने खाल्ल्या होत्या. तिने जुडी बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पान न् पान चोळून धुतलं. हाताला वास राहिला नाही तेव्हाच थांबली.

ती टाकीत जुडी लावत असताना पीटर मान उचलून बघत होता. कोळंब्या लगेच नव्या पानांवर चढल्या. पीटर हसला, आणि तिचा हात धरून त्याने दाबला. किती महिन्यांनी दाबला होता. सेलिन स्वयंपाकघरात गेली ती गुणगुणतच.

दुपार व्हायच्या आत त्याचा आवाज ऐकू आला. हा आवाज वेगळा होता. एक कोळंबी टाकीभर वेड्यासारखी धावत होती, काचेवर आपटत होती, मग उलटी होऊन पाय झाडत खाली गेली. तिच्यामागे दुसरी. सेलिनने जुडी उपसून अंगणात फेकली. कार्मिनला हाक मारली, दोघींनी विहिरीचं पाणी आणून टाकीतलं बदललं. काही उपयोग झाला नाही. टाकीपुढे चादर धरावी म्हणून ती उठली, तर पीटरने डाव्या हाताने चादर ओढून टाकली. त्याला बघायचं होतं. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं पाहिलं. तळाशी पडलेल्या कोळंब्या पांढरट गुलाबी झाल्या होत्या, उकळत्या कालवणात पडल्यावर होतात तशा. पिल्लं तर दिसेनाशीच झाली.

रात्री ज्युडचा फोन आला तेव्हा तिने कोळंब्या मेल्याचं सांगितलं. त्याने विचारलं, नवीन काही घातलं होतं का टाकीत? रोप घातलं म्हटल्यावर तो हळहळला. म्हणाला, "मम्मी, चूक माझी, मी तुला सांगायला हवं होतं. दुकानात येणाऱ्या रोपांवर आधीच औषध मारलेलं असतं. कोळंबी म्हणजे पाण्यातला किडाच. माशाला काही होत नाही, पण तिला त्याचा नुसता वास पुरतो. कितीतरी दिवस साध्या पाण्यात ठेवून, पाणी बदलत राहावं लागतं."

पाण्यातला किडा. बाटलीवरचं किड्याचं चित्र सेलिनच्या डोळ्यांपुढे आलं. फोन स्पीकरवर होता, पीटर ऐकत होता. मुलाने तिला वाट काढून दिली होती, आणि ती त्या वाटेने गेली. म्हणाली, हो, दुकानातूनच आलं असणार. कार्मिननेही तुळिंजच्या त्या दुकानदाराला मनसोक्त शिव्या घातल्या. सेलिनने त्या घालू दिल्या. एवढं खोटं तिने बाजारातही कधी पचवलं नव्हतं.

पीटरने दात मिटले. पेज नाही, दूध नाही. ज्युडने कुणाला तरी सांगून नव्या कोळंब्या पाठवतो म्हटलं, तेव्हा त्याने डोळे बंद केले. दिवसेंदिवस त्याची हाडं वर येत गेली. सेलिनला वाटायला लागलं, याला कळलंय. हा मला शिक्षा करतोय. आणि मी याच्या उशाशी बसून दुसऱ्याच्या नावावर पाप खपवतेय. याने माझ्यावर रागवावं, हात उगारावा, तो एक हात अजून चालतो त्याचा, पण हे असं नको.

एका दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. पेजेची वाटी तिने खाली ठेवली आणि सांगितलं.

"दुकानदाराचं काय नाय, पीटर. मी मारल्या त्या. आपल्या खोपीतल्या औषधात रोप बुडवलं होतं. मला वाटलं, आपण नेहमी करतो तसं. तू सांगायचास तसं."

पीटरने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. त्याला काहीच माहीत नव्हतं, हे तिला त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं. तो तिला शिक्षा करत नव्हता. तो नुसता दुःखात होता, साध्या, निरपराध दुःखात, आणि आता तेही त्याच्यापाशी राहिलं नाही. त्याने डाव्या हाताची मूठ वळली. सेलिनने मान पुढे केली, मारला तर मारू दे.

मूठ त्याने स्वतःच्या छातीवर मारली. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत अपराध कबूल करताना लोक मारून घेतात तशी. एकदा, मग पुन्हा. डोळ्यांतून पाणी कानांत ओघळत होतं. सेलिन त्याचं मनगट धरून म्हणत राहिली, "तू नाय, मी. तू नाय रे, मी." पण वाडीत राबलेला हात होता तो, अजून तिला आवरत नव्हता.