वाढलेल्या फीचे उपकार

बस आगाराच्या फाटकासमोर मावशींचं दुकान. दुकान कसलं, आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास रोखावा, एवढीशी जागा. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ते सांभाळत होत्या. पुढे बिस्किटं, साबण, टॉर्चचे सेल. आणि पाठीमागे, वळून न बघता हात पोचेल अशा फळीवर सिगारेटी आणि तंबाखू. पुढचा माल नावाला. पोट चालायचं ते मागच्या फळीवर.

पहाटपाळीचे ड्रायव्हर यायचे तेव्हा धड उजाडलेलं नसायचं. मावशींना त्यांचे चेहरे दिसण्याआधी खोकले ऐकू यायचे. खरखरीत असला तर लांब पल्ल्याच्या गाडीचा ड्रायव्हर, अडकत अडकत आला तर वर्कशॉपमधला फिटर. खोकला कोपऱ्यावर आला की मावशींचा हात आपोआप मागे जायचा आणि माणूस पोचेपर्यंत त्याचं पाकीट काउंटरवर हजर. एका शब्दाचं काम नसे. लोक कौतुक करत, पण मावशींच्या गळ्याखाली ते उतरत नसे. दुकान उघडताना देवाला हात जोडायचे आणि म्हणायचं, "पुढच्या महिन्यात ही मागची फळी बंद करते." कितीतरी महिने झाले होते. देवही बिचारा ऐकून घेत होता.

अशात नगरपालिकेने तंबाखू विकायच्या परवान्याची फी एकदम पाचपट केली. परवाना खात्यातले साहेब नोटीस घेऊन आले.

"अहो साहेब, एवढी तर माझी कमाईसुद्धा नाही."

"मावशी, मी ठरवत नाही. मी फक्त नोटिसा वाटतो आणि बोलणी खातो."

धाकट्या बहिणीला हे कळलं तसा तिचा फोन आला. "ताई, पुरे झालं आता. इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे."

बहीण मायेची होती, त्यात शंका नाही. पण दुसऱ्याच्या घरात कपात साखर घालतानासुद्धा हात अवघडतो. मावशींना धास्ती होती ती त्या खोलीचीच. फी भरली तर सगळी मिळकत तिच्यात जाणार, न भरली तर गिऱ्हाईक जाणार. कसंही केलं तरी वाट बहिणीच्या दारातच पोचत होती. मग निदान देवाला दिलेला शब्द तरी राहू दे, म्हणून त्यांनी परवाना सोडला. उरलेला माल घाऊकवाल्याला परत केला, फळी पुसली आणि ती भकास दिसू नये म्हणून घरातली दोऱ्याची रिळं, सुया, बटणं आणून मांडली.

ड्रायव्हर आले, फळी बघून पुढच्या चौकातल्या दुकानाकडे वळले. मावशी माश्या हाकत बसल्या. तिकडे बहिणीने खोलीला रंग काढला.

एके पहाटे कोपऱ्यावर तो खरखरीत खोकला आला. लांब पल्ल्याचा ड्रायव्हर रजेवरून परतला होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मावशींचा हात मागे गेला, काउंटरवर वस्तू आली. त्याने पेंगुळल्या डोळ्यांनी ती खिशात टाकली, पैसे ठेवले आणि गेला. दोघांनाही वावगं वाटलं नाही. थोड्या वेळाने तो फाटकातून माघारी आला, हातात काळ्या दोऱ्याचं रीळ.

"मावशी, दोन काड्या फुकट गेल्या. हे पेटत नाही."

"अगं बाई. दे रे इकडे, पैसे परत घे." मावशींची नजर त्याच्या शर्टावर गेली. "आणि हे काय? पोटावर पिन लावून बस चालवतोस?"

"बटण टिकतच नाही. स्टिअरिंगचं माझ्या पोटाशी वैर आहे."

"वैर कोण वाढवतंय ते दिसतंय मला. हलू नकोस, टोचलं तर माझ्या नावाने ओरडशील."

बटण लागलं. आगारात हा किस्सा पसरला आणि दुसऱ्या दिवशी फिटर हजर. "मावशी, माझंही पोट भांडखोर आहे." मग कंडक्टरांच्या पिशव्यांचे तुटलेले पट्टे आले, चेनी आल्या, उसवलेल्या बाह्या आल्या. मावशींनी घरचं शिलाई मशीन दुकानात आणलं. थांबलेली माणसं बिस्किटं घेऊ लागली. सिगारेट कोणी सोडली असं मात्र नाही. ती पुढच्या चौकात मिळतच होती. मावशींच्या हातून जात नव्हती, एवढंच.

वर्षभराने साहेब आले, चोरून विक्री होते का ते बघायला. त्यांनी काउंटरखाली वाकून पाहिलं.

"साहेब, फी वाढवलीत, फार उपकार झाले."

साहेब वैतागले. "बोला. सकाळपासून सगळे हेच बोलतायत. तुम्ही निदान सभ्य शब्दांत बोललात."

"टोमणा नाही हो. जे मला स्वतःहून जमेना, ते तुमच्या नोटिशीने करवून घेतलं. देव कुणाला पाठवील, सांगता येत नाही."

साहेब त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. टोमणा शोधूनही सापडेना, तेव्हा घसा खाकरून म्हणाले, "शिलाईचं बरं चाललंय म्हणायचं."

"त्याला परवाना लागतो का?"

"नाही." मग फाइल बगलेत मारत, "अजून तरी."

संध्याकाळी बहिणीचा फोन. "ताई, खोली किती दिवस रिकामी ठेवू?"

"भाड्याने दे गं. चांगलं माणूस बघ. पडदे मी शिवून देते."

बहिणीने तिथल्या तिथे खिडक्या मोजून सांगितल्या. मग, "शिलाई घेशील?"

"घेईन तर. तुला थोडी कमी."

फोन खांद्याशी धरूनच मावशींनी पायडल मारायला घेतलं. फाटकात गाडी सुटायची होती आणि कंडक्टर पट्ट्यासाठी खोळंबला होता.