खिळे खाल्लेला फणस

हिरामणकाका माझ्या बापाचा धाकटा भाऊ. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. घरी कमी बोलतो, त्यातल्या अर्ध्या शिव्या. त्याला नावं ठेवायची तर आम्ही घरचे ठेवू. बाहेरच्याने ठेवली की माझं टाळकं सरकतं, आणि त्या साली अख्ख्या गावाने ठेवली.

कारण एक फणस. रस्त्याच्या वळणावर, आमच्या दारासमोर उभा होता, वादळात आडवा झाला. काकाचं नवं घर तेव्हा स्लॅबपर्यंत आलेलं. आजी, म्हणजे त्याची आई ठमाबाई, बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. तिची उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेली. तिथून आली की याच फणसाखाली पाय पसरून बसायची. झाड पडलेलं बघून रडली बिडली नाही. एवढंच म्हणाली, "दाराची चौकट याचीच लाव. बाजारची लावलीस तर मी हितंच बरी."

आजी म्हणाली म्हणजे झालं. स्लॅब टाकून झाला, भिंती झाल्या, दाराच्या जागी भोक. म्हातारी शेडमधून हलेना.

काकाने ओंडका टेम्पोत घालून वखारीत नेला. वखारवाल्याने खुर्चीतूनच विचारलं, "रस्त्याकडचं झाड?"

"व्हय."

"परत न्या. आत खिळे असणार. माझ्या करवतीचा पट्टा तुटला तर?"

खोटं नव्हतं ते. आमच्या गावात सुजितदादा म्हणून एक आहेत. मी शाळेत होतो तेव्हापासून ते 'भावी' आहेत. मी शाळा सोडली, त्यांनी भावी सोडलं नाही. दादांचा वाढदिवस, दादांच्या पोराचा वाढदिवस, दादांच्या मेव्हण्याला कुठे तरी शाल मिळाली, की लागला बॅनर आमच्या फणसावर. वळणावरचं झाड, एसटीतून पण दिसतं ना. लावताना शिडी, हातोडा, चार इंची खिळे. काढताना फ्लेक्स नुसता खेचायचा, खिळे आतच. झाड वाढत गेलं नि ते सगळं गिळून बसलं. वरून बघितलं तर साल गुळगुळीत.

दुसरी वखार पण नाही म्हणाली. मग काका म्हणाला, "छोटं मशीन घेतो. घरीच कापतो." परवानगीसाठी खेपा घातल्या त्या वेगळ्याच.

गावाला एवढंच पाहिजे होतं. ज्यांनी आयुष्यात पेन्सिलीला टोक काढलं नाही ते मशीन सांगायला लागले. चुलतभाऊ मितेश मोबाईल नाकाशी धरून आला. "काका, चेनसॉ घे. पट्टी लावायची न् सरळ कापत जायचं. बाहेर सगळे तेच करतात."

"त्याची चेन केवढी जाड हाय बघ. चौकट राहील बाजूला, भुसाच मिळंल."

"व्हिडिओत भुसा दिसत न्हाय."

"झाडून मग व्हिडिओ काढतात, शहाण्या."

सुजितदादा टपरीवरूनच ओरडले, "हिरामण, घे तर मोठं घे. गोल चकतीवालं. उद्घाटनाला मी हाय."

ज्याच्या खिळ्यांमुळे ही वेळ आली तो उद्घाटन करणार.

मी काकाबरोबर पनवेलच्या दुकानात गेलो. विकणारा चकाचक, बूट तर आरशासारखे. काकाने एकच विचारलं, "पट्टा तुटला तर?"

"शेठ, आपला पट्टा तुटतच नाही. कसलाही ओंडका घाला."

काका उठला. चहा यायचा होता, तो पण नको म्हणाला. बाहेर येऊन मला म्हणाला, "टायर फुटत न्हाय म्हणतो त्याची गाडी घेऊ नये. स्टेपनी कुठं हाय ते दाखवतो त्याची घ्यावी."

पाली गावाकडे एकाचं जुनं मशीन होतं. रुळावर पुढेमागे सरकणारं, पातळ पट्ट्याचं, दिसायला एकदम भिकार. तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "खिळा लागला तर तुटणारच की." आणि नट सैल करून पट्टा काढला, दुसरा चढवून दाखवला. गप्पा नाहीत. चकतीचे दात गेले तर खर्च भारी. हा पट्टा गेला तर दुसरा. काकाने तिथेच ठरवलं.

पहिल्या दिवशी कापायला बसलो तर अख्खी आळी जमली. मदतीला कोणी नाही, फजिती बघायला. दादा पांढऱ्या कपड्यांत, भुशापासून लांब.

"आमची पोरं खिळे मारतच नव्हती," ते म्हणाले. "सुतळीने बांधायची."

पहिली फळी सुटली. पिवळीधमक. दुसरी अर्ध्यावर गेली नि खाडकन पट्टा तुटला. हसण्याचा आवाज मी अजून विसरलो नाही. एकेकाचं तोंड पण लक्षात आहे.

काकाने मशीन बंद केलं. पटाशी घेतली, खणून खणून खिळा काढला. खिळ्याच्या डोक्याखाली फ्लेक्सचा तुकडा चिकटलेला. त्यावर काळ्या गॉगलची एक काच.

आजी शेडमधून उठून आली. तुकडा हातात घेतला, उन्हात धरला. "सुजित, तुजा गॉगल रं."

दादांना अचानक फोन आला.

नंतर अजून पट्टे तुटले. काका शिव्या घालायचा, नवा चढवायचा, कापायचा. मधला भाग तर चाळणीच होता, तो चुलीला गेला. पण चौकटीची दोन उभी लाकडं, वरचं एक आणि उंबरठा निघाला. खिळ्यांच्या जागी लाकडात काळे डाग. सुतार म्हणाला, पॉलिश मारून झाकू. आजी म्हणाली, "कशाला? दिसू दे."

वास्तुशांतीला दादा आलेच. बरोबर पोरं आणि बॅनर. हिरामणकाकाला शुभेच्छा, फोटो मात्र दादांचा. एका पोराने स्टूल लावलं, चौकटीच्या वरच्या लाकडावर खिळा टेकवला, हातोडा उचलला.

आजी तेव्हाच शेडमधून दारात आली होती, हातात देवांचं ताट. "हातोडा खाली ठेव."

पोराने दादांकडे बघितलं. दादा हसले. "आजी, एकच खिळा. उद्या काढतो."

"तूच काढणार?" आजी म्हणाली. "मग आत्ता फणसातले काढ. पटाशी हिरामण देईल."

पोरगं स्टुलावरून उतरलं. आजीने उंबरठा ओलांडला नि आत गेली. त्या रात्रीपासून ती आतच झोपते.

बॅनर दादा विसरून गेले. चांगला जाड फ्लेक्स होता. काकाने तो मशीनवर टाकलाय, फोटोची बाजू आत करून.