त्याच नावाचं नवं फोल्डर

जालन्याच्या एका बियाणं कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्याकडे दसऱ्याला सर्व्हरचीही पूजा होते, झेंडूची माळ घालून. पूर्वी त्या दिवशी नवी वही सुरू करायची रीत होती. वह्या मी बंद केल्या, रीत तेवढी ठेवली. पूजा झाली की सर्व्हरवरचं ‘चालू’ नावाचं फोल्डर पुसायचं आणि त्याच नावाचं नवं, रिकामं करायचं. जुन्याची नक्कल आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या डिस्कवर घेतलेली असते. या कल्पनेचा मला भारी अभिमान होता.

त्या दसऱ्याला पेढा तोंडात असतानाच मी फोल्डर बदललं. पाचच मिनिटांत प्रयोगशाळेतून हाक आली. तिथे बियाण्याची उगवण मोजणाऱ्या ताई आहेत, माझ्याही आधीपासूनच्या. ओल्या कागदात बी ठेवायचं, ठरल्या दिवशी कोंब मोजायचे आणि मोजले की टाकून द्यायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या स्क्रीनवर ‘स्टेल फाइल हँडल’ असं आलं होतं आणि हरभऱ्याची फाईल उघडत नव्हती. त्याच आकड्यांवर वडीगोद्रीच्या दुकानदाराचा माल निघणार होता. आकडे गेले तर चाचणी पहिल्यापासून, आणि पेरणी काही आमच्यासाठी थांबत नाही.

मी नक्कल उघडून पाहिली. हरभऱ्याचे आकडे त्यात नव्हतेच.

"ताई, तुम्ही सेव्हच केलं नाही," मी म्हणालो. पूजेला आलेले सगळे एव्हाना दारात जमले होते.

"सकाळी आले तवाच भरलं, सर. सेव्ह बी बराबर केल्तं."

"मग काय उंदरांनी खाल्लं?"

लोक हसले. मॅनेजर मात्र हसले नाहीत. "यांना जमत नसेल तर या जागेवर दुसरं कुणी बसवू," म्हणाले आणि गेले. त्यांच्या मागे बाकीचेही पांगले. ताई खाली मान घालून उभ्या होत्या.

मग मी तो संदेश नीट वाचला, जे आधी करायला हवं होतं. ताईंचं मशीन अजून जुनंच फोल्डर धरून बसलं होतं. घर पाडून त्याच जागी नवं बांधलं, पाटीही तीच लावली, तरी जुनी किल्ली लागत नाही. तसं झालं होतं. मी जोडणी तोडून पुन्हा जोडली. संदेश गेला, समोर रिकामं फोल्डर आलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नक्कल कालच्या संध्याकाळची, ताईंचे आकडे आज सकाळचे, आणि पुसलं मी पूजेनंतर.

"ताई, आकडे मीच पुसले," मी पुटपुटलो.

त्यांनी खण उघडला आणि खालून एक वही काढली. हरभऱ्याची मोजणी पेन्सिलनं ओळीनं लिहिलेली होती.

"तुम्ही वहीला न्हाई म्हणाल्ते. म्हणून मघाशी काढली न्हाई."

मला स्वतःची लाज वाटली. "माफ करा, ताई. चूक माझी."

"ऐकू न्हाई आलं, सर," त्या वही माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या. "मघाशी कसं बोलल्ते, तसं बोला."

मी दाराशी गेलो आणि मॅनेजरांसकट सगळ्यांना परत आत बोलावलं.