वीस फर्म्यांचं पत्र

जर्मन मुलखातल्या येना शहरी छापखान्यात लेबेरेख्ट क्नोल बावीस वर्षं खिळे जुळवत होता, आणि त्यातली निम्मी वर्षं त्याचं डोकं तापलेलंच असायचं. त्याचं चुकत नव्हतं. फ्रान्सात लोकांनी राजाची मान उडवली, तेव्हापासून आमच्या राजांना कागदाचीही धास्ती बसली होती. वीस फर्म्यांपर्यंतचं, म्हणजे तीनशे वीस पानांपर्यंतचं काहीही छापायचं, तर आधी सेन्सॉरला दाखवायचं. त्याहून जाड ग्रंथ मात्र सुटला. जाड पुस्तक गरीब वाचत नाही, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. मग काय, आमचे विद्वान फुगवायला लागले. भाकरीबद्दल बोलायचं असलं तरी सुरुवात विश्वाच्या आत्म्यापासून! लेबेरेख्टच्या हातांना ती वाक्यं पाठ झाली होती, डोक्याला कधीच नाही.

त्याचा थोरला भाऊ एर्डमान जवळच्या आपोल्डा गावात मोजे विणायचा. बिअरच्या गुत्त्यात त्याने विणकरांचा अर्ज मोठ्याने वाचून दाखवला, एवढाच त्याचा गुन्हा. किल्ल्याच्या तुरुंगात दीड वर्ष खोकून तो मेला. मरण्यापूर्वी धुण्याच्या गाठोड्यातून त्याने लेबेरेख्टकडे एक पत्र पोचवलं. दोनच पानं. कोणी मारलं, काय खायला घातलं, सगळं नावानिशी. शेवटी बायकोसाठी, डोरथेसाठी, चार ओळी.

लेबेरेख्ट पत्र घेऊन प्राध्यापक फोल्मारांकडे गेला. त्यांचे सगळे ग्रंथ त्यानेच जुळवले होते. फोल्मार वाचून खरोखर रडले.

"पण दोन पानं सेन्सॉर गिळून टाकेल, क्नोल."

"मग वीस फर्म्यांवर न्या ना, प्रोफेसरसाहेब!" हे लेबेरेख्टच बोलला. पुढे आयुष्यभर त्याने त्या जिभेला शिव्या घातल्या.

डोरथेला त्याने निरोप धाडला, "वहिनी, दादाचं पत्र छापून येतंय. तेव्हा वाचाच." घरात सापडलं तर पंचाईत, म्हणून मूळ पत्र फोल्मारांकडेच राहिलं.

ग्रंथ झाला तीनशे चौतीस पानांचा. स्वातंत्र्याची संकल्पना, संकल्पनेचं स्वातंत्र्य, आणि एर्डमान पान दोनशे एक्क्याण्णववर, तोही बारीक टाइपात. लेबेरेख्टने दात-ओठ खात एकेक खिळा लावला. सेन्सॉरने बोटसुद्धा लावलं नाही. लावायचं कशाला? विणकरांनी मिळून एक प्रत घेतली, ती विसाव्या पानाशी थकली.

चार वर्षांनी लेबेरेख्ट आपोल्डाला गेला, तर ग्रंथ डोरथेच्या मागाच्या डुगडुगत्या पायाखाली होता.

"रागावू नका, भावजी," ती म्हणाली. "तुमच्या प्रोफेसरांच्या पुस्तकातली ही एक गोष्ट तेवढी कळली. माग हलत नाही आता."

पान दोनशे एक्क्याण्णव सांगायची त्याला लाज वाटली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पुन्हा पॅरिस पेटलं, आणि मार्चात इकडचे राजे घाबरून सेन्सॉर उठवते झाले. लेबेरेख्ट धावतच फोल्मारांच्या दारात.

"प्रोफेसरसाहेब, आता नुसतं पत्र छापू. एका कागदावर."

फोल्मारांनी चष्मा पुसला. "नुसतं? अहो, संदर्भाशिवाय त्याला अर्थ काय? निदान प्रस्तावना लिहितो. सहा फर्मे."

"सहा फर्मे!" लेबेरेख्ट ओरडला. "साहेब, सेन्सॉर गेला हो! आता तुमच्या पोटातला कोण बाहेर काढणार?"

त्याने टेबलावरचं पत्र उचललं, सलाम न करता निघाला, आणि सरळ छापखान्यात खिळ्यांच्या खणांपाशी उभं राहून जुळणीला बसवलं. एक कागद, दोन बाजू, मोठा टाइप.

रविवारी, एर्डमानने अर्ज वाचला होता त्याच गुत्त्यात, डोरथेने तो मोठ्याने वाचला. पहारेकऱ्यांची नावं आली तसे लोक बाकांवर मुठी आपटायला लागले. लेबेरेख्टचा ऊर भरून आला. शेवटच्या चार ओळींशी तिचा आवाज थांबला. त्या तिने मनातच वाचल्या. मग कागदाची घडी घालून ती त्याच्याकडे वळली.

"संपलं?"

"हो, वहिनी. एवढंच होतं."

"एवढंच!" ती म्हणाली. "चार वर्षं, भावजी! मग हाताने उतरवून का नाही दिलंत मला?"

बावीस वर्षं अक्षरांत घालवलेल्या त्या माणसाला हे कधी सुचलंच नव्हतं.