नावांचा अध्याय

आमच्या अंधेरीच्या कपडे-कारखान्यातले सिक्युरिटी सुपरवायझर रोज सकाळी गेटजवळच्या स्टुलावर बसून बायबलचा एक अध्याय वाचतात. आवडीचं पान शोधत नाहीत, काल संपलं तिथून पुढे. मध्येच कोणी हाक मारली तर तळहात वर करतात, "थांबा, प्रभू बोलतोय."

त्या दिवशी दहाला आगीच्या सुरक्षेची तपासणी होती. आग विझवायच्या सिलिंडरांच्या यादीवर मी सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या होत्या, चौथा मजला न चढताच. त्यांची सही तेवढी राहिली होती.

"आज काय म्हणाला तुमचा प्रभू?" मी घाईत विचारलं.

"आज नुसती नावं आहेत मॅडम. अमक्याचा मुलगा तमका, दोन पानं."

"मग सुटलात. करा सही."

त्यांनी पेन घेतलं नाही. "वाचताना वाटलं, प्रभूने एकेक माणूस मोजून ठेवलाय. मग चौथ्या मजल्यावरच्या सहा बायका डोळ्यांसमोर आल्या. तिथला सिलिंडर तुम्ही स्वतः बघितलात ना?"

पावणेदहा झाले होते. बायबलमधल्या ओळीखाली ठेवलेलं बोट न हलवता ते माझ्याकडे बघत राहिले.

मी ती खूण खोडली आणि जिना चढले. सिलिंडरचा काटा लाल पट्टीत होता, म्हणजे आतला दाब गेलेला. त्याच्या शेजारी सहाही जणी मान खाली घालून शिवत होत्या.