एकही तक्रार नाही

सासरी त्यांना सगळे टपालमास्तर म्हणत, कारण जावईबापू ईमेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर लिहून जगाला फुकट वाटायचे. त्यातला एक भाग मात्र त्यांच्या डोळ्यांत सलायचा. त्या भागातली फोनवर मेल आपोआप आणायची पद्धत एका कंपनीच्या मालकीची होती. कंपनी मनाला येईल तेव्हा नियम बदलायची आणि निस्तरत बसायचे मास्तर. "जेवणार ते आणि भांडी घासायची मी!" असं म्हणून एका सकाळी त्यांनी तो भाग मुळासकट उपटला आणि नवी आवृत्ती घरच्या-सासरच्या मेलच्या सर्व्हरवर चढवून जगालाही देऊन टाकली.

आता लोक मेलवर मेल पाठवून तुटून पडणार म्हणून मास्तर कंबर कसून बसले. पण फोन गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्पच.

तिसऱ्या दिवशी सासरी जेवताना त्यांनी छाती फुगवली. "बघा, एकाही माणसाची तक्रार नाही!"

"अहो, नाही कशी?" सासूबाई वाढता वाढता थांबल्या. "माझ्या फोनवर मेल येईना, म्हणून मी ह्यांच्या कॉम्प्युटरवरून तुम्हाला दोनदा मेल केला की!"

मास्तरांचा घास हातातच राहिला. त्यांचा स्वतःचा फोनही त्याच पद्धतीनं मेल आणायचा.